हवेचं बटण

१

यंत्राचा गळा जळला होता. पोट शाबूत होतं, पाठ शाबूत होती, पण जिथून हवा बाहेर पडायची ती पांढरी नळी वितळून टेबलावर ओघळली होती आणि तिथेच थिजली होती. वर्कशॉपभर जळक्या प्लास्टिकचा वास कोंदला होता. आत्याने दारातच रुमाल नाकाला लावला आणि लगेच परत पर्समध्ये टाकला. वास घेतल्याशिवाय तिला कधी काही कळलं नव्हतं.

"कशाला हात लावलास?" तिने विचारलं.

"कशालाच नाही," छोटी म्हणाली. "सकाळी कुलूप उघडायला गेले तर दार नुसतं लोटलेलं. आत हे असं. तुला फोन केला आणि इथेच बसून राहिले."

छोटी म्हणजे आत्याची भाची. केसांत पांढरी बट आली, परदेशातल्या बड्या कंपनीत तिच्या हाताखाली माणसं राबली, तरी घरात ती छोटीच राहिली. आणि आत्या म्हणजे विमा कंपनीची निवृत्त सर्वेअर. उभी हयात तिने जळलेली गोदामं पाहण्यात घालवली होती. आग लागली की लावली, एवढं सांगायचं तिचं काम. त्यापायी तिने भल्याभल्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, आणि त्या तिला छान पचल्याही होत्या.

हे यंत्र कशासाठी होतं ते आत्याला तोंडपाठ होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास घ्यायला मदत करायची, उबदार हवा अलगद नाकाशी पोचवायची. तिकडे छोटी हीच यंत्रं बनवत असे, पण ती इतकी महाग की इकडच्या वॉर्डात त्यांचं फक्त नाव पोचायचं. ती तिकडचं सगळं गुंडाळून परत आली, सोबत तिकडच्याच कंपनीतला एक सहकारी भागीदार म्हणून घेऊन आली, आणि थोरल्या भावाच्या घराच्या तळमजल्यावर दोघांनी कंपनी थाटली. लोकांनी विचारायचं ते विचारून घेतलं. तिकडे काही जमलं नाही का? काढून टाकलं का? छोटी यंत्र जुळवत राहिली.

आज दुपारी सरकारी रुग्णालयाच्या बालविभागाच्या डॉक्टरीणबाई यंत्र पाहायला येणार होत्या. त्यांनी होकार दिला तर यंत्र वॉर्डात जाणार.

"पंखा लाव गं आधी," म्हणत आत्याने भिंतीवरच्या बोर्डाचं बटण स्वतःच खाली दाबलं. काही झालं नाही. ते आधीच खाली होतं.

"वर, आत्या. वर कर."

"वर?"

"या खोलीतली बटणं उलटी बसवून घेतली आहेत आम्ही. तिकडे वर म्हणजे चालू. इतकी वर्षं हाताला तीच सवय. आल्या आल्या दोनदा शॉक बसला मला, बटण बंद केलंय समजून तारेला हात लावला. मग इलेक्ट्रिशियनला सांगून या खोलीपुरतं तिकडच्यासारखं करून घेतलं."

"आणि हे कोणाला माहीत आहे?"

"आम्हा दोघांना. सांगायचं काय त्यात? दादाला कळलं असतं तर जन्मभर चिडवलं असतं त्याने."

आत्याने बटण वर केलं आणि पंखा फिरू लागला. मग ती कामाच्या टेबलाकडे वळली. त्यावर वेगळा छोटा बोर्ड होता आणि त्याला दोनच बटणं. एकाखाली चिकटपट्टीवर लिहिलं होतं 'हवा', दुसऱ्याखाली 'उष्णता'. उष्णतेचं वर होतं, हवेचं खाली. फ्यूज उडालेला होता.

"म्हणजे तार तापत राहिली आणि वारा बंद," आत्या म्हणाली.

"हो. तापणारी तार हवेच्या वाटेतच बसवलेली आहे. केस वाळवायच्या मशीनसारखं समज. वारा असेपर्यंत ठीक. वारा थांबला की तार लाल होते. खऱ्या यंत्रात असं होऊच शकत नाही, तिथे एकच बटण आहे आणि वारा थांबला की उष्णता आपोआप तुटते. पण इथे आम्ही दोन्ही भाग वेगवेगळे तपासत होतो, म्हणून दोन बटणं." छोटीने जळक्या नळीकडे पाहिलं. "काल मी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायच्या घाईत होते. रोज दोन्ही बंद करते, हात आपोआप जातो. काल एकच केलं असेल. माझीच चूक आहे, आत्या. मी तसं लिहून देणार आहे."

"कोणाला?"

"सल्लागारांना. ते बाहेर बसलेत कागद घेऊन."

२

सल्लागार म्हणजे या कंपनीत ज्यांनी गुंतवणूक केली होती त्या फंडाचा माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची खोड. आत्याच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे आला आणि तिच्या डोळ्यांकडे पाहून मागे गेला.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण करारात स्पष्ट आहे. मुख्य इंजिनिअरच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं, तर यंत्राचा आराखडा फंडाच्या ताब्यात येतो. मॅडमनी चूक मान्य केली की विषय संपला. त्यांना नोकरी देऊ आम्ही, रस्त्यावर थोडंच सोडणार?"

"फारच मोठं मन आहे तुमचं," आत्या म्हणाली. "काल संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"मी? इथेच, या बाहेरच्या खोलीत. कागद वाचत होतो. आधी भागीदार गेले, मग मॅडम गेल्या. शेवटी मीच बाहेरचं दार ओढून घेतलं."

"आत गेला होतात?"

"छे हो! त्या खोलीत मी आजवर पाऊल ठेवलं नाही. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. मी काही परदेशात शिकलेला नाही बाई, इथेच राहून नाव काढलं." हे सांगताना छाती किंचित पुढे आली. "फक्त एवढंच, की पॅसेजमध्ये फोनवर बोलत होतो तेव्हा काचेच्या दारातून आत नजर गेली. टेबलावरची दोन्ही बटणं वर होती. म्हटलं, बाई सगळं चालूच ठेवून गेल्या. पण आपण कशाला मध्ये पडा? त्यांना माहीत असेल म्हटलं."

छोटी दारात उभी होती. तिने डोळे मिटून घेतले.

"बघ ना आत्या. चालूच ठेवून गेले मी. माझ्या हातून झालं."

आत्याला कुठेतरी खटकलं होतं, पण नेमकं कुठे ते हाताला लागेना. तिने पेन छोटीच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

"दुपारपर्यंत सही होणार नाही," ती म्हणाली.

"तुम्ही कोण सांगणार?" सल्लागारांचा आवाज जरा कमी गोड झाला.

"मी हिची आत्या. एवढं पुरत नसेल तर करारात लिहून घ्या."

सल्लागार हसले. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "चौकशीच करायची तर तुमच्या मौनीबाबांची करा. ते काल घरी जातो म्हणून लवकर गेले. आणि मग त्यांच्या बायकोचा इथे फोन आला, की हे घरी का आले नाहीत म्हणून."

३

मौनीबाबा म्हणजे छोटीचा भागीदार. तिकडच्या कंपनीत ते तिच्या शेजारच्या टेबलावर बसत. इतकं कमी बोलत, की राजीनामा दिला तोही मान हलवून, असं छोटी सांगायची. आत्याने त्यांना जिन्याखालच्या पॅन्ट्रीत गाठलं. कॉफीचा कप भरून तसाच बाजूला पडला होता.

"काल घरी गेलात?"

मान हलली. हो.

"खोटं बोलता येत नसेल तर बोलू नये. तुम्हाला तर मुळात बोलायचीही सवय नाही."

मौनीबाबांनी कपाकडे पाहिलं. आत्याला वाट पाहता येत होती, गप्प माणसं तिने बरीच बोलती केली होती.

"गाडीत होतो," शेवटी ते म्हणाले. "कोपऱ्यावर. तिकडच्या कंपनीचा फोन यायचा होता. परत या म्हणतात. मोठी जागा देतायत."

"मग?"

"नाही म्हटलं."

"एवढ्यासाठी घरी खोटं?"

"बायकोला वाटतं मी हो म्हणावं. ती ऐकत असती तर मला नाही म्हणता आलं नसतं." मग एकदम, जणू बांध फुटावा तसे ते बोलत सुटले. "तिकडे मी इतकी वर्षं जे बनवलं ते एकदाही कोणाच्या उपयोगी पडताना पाहिलं नाही. पेटीत भरायचं, पाठवायचं, संपलं. इथे निदान रुग्णालय गावातच आहे. मी जाणार नाही. कोणी काहीही देऊ दे, मी जाणार नाही."

आत्या त्यांच्याकडे पाहत राहिली. हा माणूस गाडीत होता याला साक्षीदार कोणी नाही. किल्ली याच्याकडे आहे. बटणं उलटी आहेत हे यालाच माहीत. तिकडे जायचं बोलावणंही यालाच. सगळी बोटं याच्याकडे वळत होती, आणि सल्लागारांनी ती नीट वळवूनही दिली होती.

"एक सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला हे यंत्र संपवायचं असतं तर काय केलं असतंत?"

मौनीबाबा दचकले. पण इंजिनिअर तो इंजिनिअर, प्रश्न आला की उत्तर द्यायचंच.

"मेंदूचं कार्ड काढलं असतं. पाठीमागे चार स्क्रू, आत हाताएवढं कार्ड. सगळी अक्कल त्यात आहे. ते गेलं की वर्षाची मेहनत पाण्यात. गळ्याचं काय, नळी आणि तार. कपाटात सुटे पडलेत."

"आणि कार्ड?"

"सकाळी पाहिलं. ठणठणीत आहे."

"अहो मग कॉफी काय निववत बसलात!" आत्या कडाडली. "दुसरं अर्धवट यंत्र आहे ना कपाटात? त्यात कार्ड बसवा. गळा नवा जोडा. डॉक्टरीणबाई दुपारी येणारच आहेत, त्यांना येऊ द्या."

मौनीबाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू हे आपल्याला का सुचलं नाही असं स्वतःलाच विचारत होते. मग ते कप तसाच टाकून पळाले. आत्या पॅसेजमध्ये आली आणि काचेच्या दारासमोर उभी राहिली. सल्लागार उभे होते म्हणाले तिथेच. आतलं टेबल दिसत होतं, बटणांचा छोटा बोर्ड दिसत होता. यंत्राची फक्त पाठ दिसत होती, त्याचे दिवे सगळे भिंतीच्या बाजूला. आवाज तर येणंच शक्य नव्हतं. बाळं झोपली पाहिजेत म्हणून छोटीने पंखा इतका मुका बनवला होता, की हात धरल्याशिवाय चालू आहे हे कळत नसे.

तिने पॅसेजमधला दिवा लावला. बटण खाली. मग बंद केला. वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. जिन्यावरून कोणीतरी ओरडलं, "कोण आहे ते? फुकटचा दिवा कशाला जाळताय?"

थोरला होता. आणि तो खाली यायला कचरत होता.

४

थोरला म्हणजे छोटीचा मोठा भाऊ, या घराचा मालक. आईवडिलांपाशी राहिला, दुकान सांभाळलं, कुठे गेला नाही. दिवे बंद करत फिरणं हा त्याचा छंद होता. बहिणीला तळमजला त्याने दिला खरा, पण उपकार केल्यासारखा, आणि वर्कशॉपमध्ये तो कधी येत नसे. आत्याला त्याचं कारण माहीत होतं. त्याचं पहिलं बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं आणि वॉर्डात श्वासासाठी धडपडत गेलं. त्याच सुमाराला छोटी तिकडे नेमकी तीच यंत्रं बनवत होती. त्या रात्री फोनवर थोरला बहिणीला काय बोलला ते दोघांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पण पुढच्या वर्षी छोटी सामान आवरून परत आली होती.

"काल संध्याकाळी तू खाली आला होतास," आत्या म्हणाली. तिने विचारलं नाही, सांगितलं.

थोरल्याने जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"किल्ली आहे माझ्याकडे. माझं घर आहे."

"तुझंच आहे बाबा. कशाला आला होतास?"

"वीज वाया जात होती म्हणून."

"वरून दिसत होती का वीज?"

थोरला जिन्याच्या पायरीवरच बसला.

"मी कधीकधी येतो," तो म्हणाला. "कोणी नसताना. नुसतं बघतो ते यंत्र. एवढंसं आहे गं, आत्या. एवढ्याशा गोष्टीने..." त्याने डोळे पुसले. "काल बघितलं, तर टेबलावरची दोन्ही बटणं चालू. म्हटलं, ही विसरली, उद्या तिचा मोठा दिवस आहे, काही जळलं-बिळलं तर? म्हणून दोन्ही बंद केली आणि वर गेलो. तिच्या भल्यासाठीच केलं. कुलूप मात्र लावायचं राहिलं बहुतेक. डोळे भरले होते, दिसतच नव्हतं नीट."

"बंद केली म्हणजे कशी केलीस? दाखव."

थोरल्याने हवेत बोट उचललं आणि वर ढकललं.

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. छोटी हातात नळी घेऊन उभी होती, आणि नळी आता जमिनीवर होती.

"दादा," ती म्हणाली, "तू चालू केलीस. इथली बटणं उलटी आहेत. मी बंद करून गेले होते आणि तू चालू केलीस!"

थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो आळीपाळीने बहिणीकडे आणि आपल्या बोटाकडे पाहत राहिला.

"म्हणजे मी जाळलं?" त्याने विचारलं. "तेही मीच?"

सल्लागार बाहेरच्या खोलीतून उठून आले होते. त्यांनी खेदाने मान हलवली. "घरातलंच निघालं म्हणायचं. तरी शेवटी निष्काळजीपणाच. अशी उलटी बटणं बसवून कोणाला सांगितलं नाही, ही चूक मॅडमचीच नाही का? सही करून टाका."

आत्या मात्र हसत होती. बऱ्याच वर्षांनी तिला असं हसू आलं होतं.

"सगळे आत या," ती म्हणाली. "सल्लागार, तुम्हीसुद्धा. या खोलीत पहिल्यांदाच येताय ना? या, या."

५

"थोरल्या, आधी तू रडणं थांबव," आत्याने सुरुवात केली. "तू काही जाळलं नाहीस. छोटे, दोन्ही बटणं चालू असतील तर काय होतं?"

"काही नाही. तार तापते, वारा वाहतो. आठवडाभर चाललं तरी काही होणार नाही." बोलता बोलता छोटी थबकली. "काहीच होणार नाही."

"बरोबर. थोरल्याने दोन्ही वर केली. सकाळी मात्र हवेचं खाली होतं. म्हणजे थोरल्यानंतर कोणीतरी आलं आणि एकच बटण खाली केलं. आता बघा, बटणं उलटी आहेत हे माहीत नसलेला माणूस काय करेल? वर असलेली बटणं त्याला बंदच वाटतील. तो हात कशाला लावेल? आणि माहीत असलेला भला माणूस दोन्ही खाली करेल. नेमकं हवेचं खाली करून तार तापत ठेवणारा माणूस एकच. ज्याला उलटी बटणं माहीत आहेत आणि ज्याला आग हवी आहे."

सगळ्यांच्या नजरा मौनीबाबांकडे गेल्या. ते स्क्रू फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"हेच तर मी सकाळपासून सांगतोय," सल्लागार म्हणाले.

"सांगताय खरे. पण यांना यंत्र मारायचं असतं तर यांनी मेंदू काढला असता. तो कुठे आहे आणि गळा किती बिनकामाचा आहे हे यांच्याइतकं कोणाला ठाऊक? धूर झाला, काळं पडलं म्हणजे यंत्र मेलं असं ज्याला वाटतं, त्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही." आत्या वळली. "हे शब्द कोणाचे, सल्लागार?"

सल्लागारांनी इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी केली.

"तुम्ही म्हणालात, काचेतून पाहिलं, दोन्ही बटणं वर होती, बाई सगळं चालूच ठेवून गेल्या. मी या देशात जन्म काढला. आजवर कुठलंही बटण वर दिसलं की मला ते बंद वाटतं. सकाळी पंखा लावायला मी खाली दाबलं. या थोरल्याने बंद करायला वर ढकललं. त्याच्या स्वतःच्या घरात! आणि तुम्ही, जे कुठे गेले नाहीत, ज्यांनी या खोलीत पाऊल ठेवलं नाही, तुम्हाला काचेतून वर केलेलं बटण चालू दिसलं. कसं?"

"यंत्राचा दिवा लागला असेल. आवाज येत असेल."

"दिवे भिंतीकडे आहेत. बाहेर जा, उभे राहून बघा. आणि यंत्राचा पंखा चालू आहे हे हात धरल्याशिवाय कळत नाही."

"कोणीतरी मला सांगितलं असेल बटणांचं."

"कोणी? हिने भावालासुद्धा सांगितलं नव्हतं."

छोटी कपाळावर हात मारून घेत होती. "माझ्यासमोर बोलले ते. आणि मला काही वाटलंच नाही! वर म्हणजे चालू, बरोबरच आहे असं वाटलं. इतकी वर्षं तिकडे राहून..."

"तुला नाही खटकणार. या मौनीबाबांनाही नसतं खटकलं. तुम्हा दोघांचे हात अजून अर्धे तिकडेच आहेत," आत्या म्हणाली. "म्हणूनच सल्लागारांची जीभ घसरली ते सकाळी लपून गेलं. थोरला रडत वर गेला, दार उघडं राहिलं, हे आत आले. पहिल्यांदा आले असतील असं मला वाटत नाही, बटणं कशी चालतात ते यांनी आधीच चाचपून ठेवलं होतं. खाली नावं लिहिलेली होतीच. एक बोट लावलं आणि काम झालं."

"यातलं एकही कोर्टात टिकणार नाही," सल्लागार म्हणाले. त्यांचा आवाज आता मुळीच गोड नव्हता. "एका म्हातारीच्या बटणांच्या गोष्टी!"

"कोर्टात जातंय कोण? निष्काळजीपणा झाला हे आता तुम्ही सिद्ध करायचं. जा, आणि त्या कोर्टात या म्हातारीला साक्षीला बोलवा. मला रिकामा वेळ भरपूर आहे."

"फंड अंग काढून घेईल. उद्याच्या उद्या. मग काय करणार तुम्ही?"

छोटी उभी राहिली. सकाळपासून ती पहिल्यांदाच ताठ उभी राहिली होती. टेबलावरचा सहीचा कागद तिने उचलला, उभा फाडला, आडवा फाडला.

"घेऊ दे काढून," ती म्हणाली. "मी तिकडची नोकरी सोडली, घर सोडलं, लोकांनी तोंडावर मूर्ख म्हटलं ते ऐकून घेतलं. तुम्ही माझ्याकडून अजून काय काढून घेणार? गॅरेजमध्ये बनवीन. रस्त्यावर बसून बनवीन. आराखडा माझा आहे आणि तो तुमच्या बापालाही मिळणार नाही."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

६

डॉक्टरीणबाई घाईत आत आल्या, आणि सल्लागारांना पाहून जागीच थांबल्या.

"अरे, तुम्ही इथे? ते परदेशी यंत्र विकायला तुम्हीच आला होतात ना माझ्याकडे? इथलं यंत्र अजून कच्चं आहे, पेट घेतं, असं सांगत होतात. इथलं म्हणजे हेच का?"

सल्लागारांनी बॅग उचलली आणि पाय काढता घेतला. त्यांना अडवावं असं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण टेबलावर मौनीबाबांनी शेवटचा स्क्रू बसवला होता.

यंत्राला झाकण नव्हतं. आतल्या तारा उघड्या दिसत होत्या, नवा गळा जरा वाकडा बसला होता. छोटीने एकुलतं एक बटण दाबलं. आवाज आलाच नाही. डॉक्टरीणबाईंनी नळीसमोर तळहात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"ऊब छान आहे," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगते, मला जळकट वास येतोय इथे. काय झालं ते तुम्ही सांगाल की मीच विचारू?"

छोटीने सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही.

"म्हणजे चूक झाली तर ते जळतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्या वॉर्डात सिस्टर कमी, बाळं जास्त. चुका तिथे होतातच."

"करा," छोटी म्हणाली.

"काय?"

"चुका करा. हव्या तेवढ्या. ही नळी, हा प्लग, हे बटण. जाळून दाखवा मला. जळलं तर मी स्वतः इथून उचलून भंगारात देईन."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग बाह्या सरसावल्या. त्यांनी नळी बोटांनी चिमटली. यंत्र इशारा देत किंचाळलं आणि उष्णता आपोआप तुटली. त्यांनी पंख्याची तारच उपसून काढली. किंचाळलं, थंड झालं. प्लग काढला, घातला, काढला. गळा उलटा बसवला. हवा आत ओढायच्या भोकावर रुमाल कोंबला. मौनीबाबा प्रत्येक वेळी डोळे मिटत होते आणि छोटी मिटत नव्हती. आत्या खुर्चीवर बसून हे असं बघत होती, जणू एवढी मजा तिला एकाही गोदामात आली नव्हती. शेवटी डॉक्टरीणबाई दमल्या. घाम पुसायला रुमाल शोधू लागल्या, तर तो यंत्रात होता.

"बाळाला लगेच लावणार नाही हं," त्या म्हणाल्या. "आधी माझ्या सिस्टरांना चुका करू देते. माझ्यापेक्षा त्या पटाईत आहेत. त्यांच्या हातूनही वाचलं तर मग बघू. आजच नेते."

"आज? झाकण नाही त्याला."

"झाकण मागाहून पाठवा. वॉर्ड थांबत नाही."

छोटीला रडू आलं, ते तिने येऊ दिलं. मौनीबाबा दाराशी जाऊन बायकोला फोन लावत होते आणि फोनवर चक्क बोलत होते.

थोरला इतका वेळ कोपऱ्यात उभा होता. तो पुढे आला, बहिणीकडे न पाहताच त्याने यंत्र दोन्ही हातांनी उचललं, तारांना धक्का लागू नये म्हणून छातीशी धरलं आणि बाहेर जाऊन डॉक्टरीणबाईंच्या गाडीत मागच्या सीटवर ते मांडीवर घेऊन बसला.

"दादा, तू कुठे?" छोटी मागे धावली.

"मी पोचवून येतो," तो म्हणाला. "वॉर्ड मला माहीत आहे."